उपवासाला चालणारं मीठ

आमची आई आठवड्यातले तीन-चार वार उपवासाची असायची आणि उरलेल्या वारी आत्या तिला पंचांगातून एखादी चतुर्थी नाही तर एकादशी काढून द्यायची. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, आणि दादा म्हणजे माझे वडील. आत्याला लवकर वैधव्य आलं, ती माहेरी परतली आणि तामलवाडीपासून आत, कच्च्या रस्त्यावर असलेल्या आमच्या घराचा सगळा धार्मिक कारभार तिनं हाती घेतला. शेतीचा कारभार दादांकडं होता. आईकडं नुसतं काम होतं. उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही यावर आत्याचा निकाल शेवटचा, त्यावर अपील नसे. गल्लीतल्या बायका भांडत तिच्याकडं यायच्या. कोथिंबीर चालते का, जिरं चालतं का, लाल तिखट का चालत नाही, आणि आत्या ओसरीवर बसून दातांवरून मिश्रीचं बोट फिरवत एकेकीला वाटेला लावायची. मी कॉलेजात नुकतं नाव घातलं होतं, त्यामुळं मला अक्कल फुटली होती. मी तिला एकदा विचारलं की साता समुद्रापलीकडून आलेला बटाटा देवीला चालतो, शेंगदाणा चालतो, साबुदाणा चालतो, आणि आपल्याच रानात पिकलेल्या ज्वारीनं तिचं काय घोडं मारलंय? आत्यानं बोट न थांबवता सांगितलं की पोरी जास्त शिकल्या की असं होतं. हेच उत्तर तिनं मला पुढं माझ्या लग्नापर्यंत सगळ्या प्रश्नांना दिलं.

मिठाचाही निकाल तिनं लावून ठेवला होता. गावात बऱ्याच घरी उपवासाला साधंच मीठ खायचे, पण आत्याच्या राज्यात ते चालत नव्हतं. समुद्राचं मीठ बाटलेलं, डोंगरातलं सोवळं. म्हणून तुळजापूरच्या बाजारातून शेंदेलोणाचे, म्हणजे सैंधवाचे, गुलाबी खडे फडक्यात बांधून यायचे आणि उपवासाच्या सकाळी आई ते खलबत्त्यात कुटायची. त्या कुटण्याच्या आवाजानं आम्हा भावंडांना जाग यायची आणि जाग येताच भूक लागायची, कारण पाठोपाठ शेंगदाणे भाजल्याचा वास यायचा. मग भगर, शेंगदाण्याची आमटी, तुपातली बटाट्याची भाजी, ताक, आणि शेंदेलोणात मुरलेलं लिंबाचं लोणचं. उपवास आईचा असे आणि फराळ घरादाराचा. माझे दोन्ही भाऊ भाकरी-कालवण जेवून वर भगर-आमटी खायचे. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण ज्यानं काढली तो आमच्या घरी येऊन गेला असणार. आई मात्र सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या कडेनं उरलेलं खायची, पण गरम करून, सावकाश, आपल्यासाठी म्हणून वाढून घेऊन. एरवी तिला मी असं बसून जेवताना पाहिलं नाही.

त्या वर्षी आई अंगानं भरू लागली. आधीची ती काटकुळी बाई, त्यामुळं गावाला फार आनंद झाला. सकाळी तिचा चेहरा गोल, डोळ्यांखाली फुगवटा, आणि विहिरीवर बायका म्हणायच्या, आता गं सुखाला लागलीस. मावशीनं तर आपल्या सुनेला आईचं उदाहरण दिलं. संध्याकाळी आईचे पाय भरायचे, घोट्याजवळ बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. माझा धाकटा भाऊ तो खेळ म्हणून खेळायचा. मग पायातली जोडवी रुतायला लागली. निघेनात. शेवटी गावातल्या सोनारानं ती कातरून काढली, तेव्हा घरात पहिल्यांदा काळजीचं वातावरण झालं. काळजी अशी, की सवाशिणीची जोडवी कातरली हा दादांच्या जिवाला अपशकुन. आत्यानं दादांची दृष्ट काढली. ज्या बाईचे पाय सुजले होते तिनंच मीठ-मोहऱ्या आणून दिल्या.

तुळजापूरला डॉक्टरकडं नेलं ते मी रडून गोंधळ घातल्यामुळं. दवाखान्यात ही गर्दी. मंगळवार होता, देवीला आलेले निम्मे लोक येता येता ताप-खोकलाही दाखवून जायचे. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पाहिलं, पुन्हा फुगवला. लघवी तपासायला सांगितली, तिच्यात फेस होता. मूत्रपिंडाला सूज आहे, रक्तदाब फार वाढलाय, या गोळ्या घ्या आणि मीठ बंद करा, असं एका दमात सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आई उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मीठ बंद म्हंजे, उपासासारखं का ओ डॉक्टरसायेब?"

डॉक्टर दुसऱ्याची छाती तपासत होते. कानात नळी होती. ते म्हणाले, "हो, तसंच समजा."

झालं. घरी येऊन आत्यापुढं हा निकाल ठेवला गेला आणि इतक्या शिकलेल्या माणसाला शेवटी आपलंच म्हणणं मान्य करावं लागलं म्हणून आत्या प्रसन्न झाली. आईचा कायमचा उपवास सुरू झाला. उपवास म्हटल्यावर साधं मीठ बंद, आणि ते आईनं असं बंद केलं की मिठाच्या बरणीला हात लागला तरी हात धुवायची. उपवास म्हटल्यावर शेंदेलोण चालू. खलबत्ता रोज वाजू लागला. शेंगदाण्याची आमटी रोज, भगर रोज, लोणचं दोन्ही वेळ. गोळी चालते का यावर आत्यानं विचार केला आणि पाण्याबरोबर गिळली तर चालते असा निकाल दिला. दादा फराळाची दुसरी वाटी पुढं करून म्हणायचे की औषध असावं तर असं. घरात एक बाई आजारी आहे याची इतकी चव आम्हाला त्याआधी कधी लागली नव्हती.

आज हे लिहिताना हसायला येतं, पण फार हसू नये. पुण्याला माझ्या सुनेच्या ओट्यावर काचेच्या बरणीत तेच गुलाबी खडे आहेत, वर छोटी लाकडी पळी. हे नैसर्गिक असतं आई, यानं बीपी वाढत नाही, असं ती मला समजावते. मी तिला सांगितलं की त्या खड्यात आणि मिठागरातल्या पांढऱ्यात जवळजवळ सगळं तेच असतं, रंग तेवढा डोंगराच्या मातीचा. तिनं मोबाइलवर मला एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला. आत्या गेली असं आम्ही समजतो. ती कुठंही गेलेली नाही, फक्त मिश्री सोडलीय.

सूज उतरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी एक गोळी लघवी होऊन पाणी उतरण्यासाठी दिली होती. ती घेतली की आईला तासातासाला उठावं लागे, आणि उठून जायचं कुठं? आमच्या घरी दोन बैलगाड्या होत्या, कडब्याला वेगळं छप्पर होतं, कोंबड्यांना खुराडं होतं. बायकांना पहाटेचा अंधार आणि सांजेचा अंधार एवढीच सोय. म्हणून आई ती गोळी कधी घ्यायची, कधी कनवटीला बांधून ठेवायची, आणि पाणी तर बेतानंच प्यायची. मूत्रपिंडांनी काय करावं याचे नियम देवानं केले असतील, पण ते कधी करावं हे आमच्या घरी दादांच्या ओसरीवर कोण बसलंय त्यावर ठरायचं. पुढं आईला आडवं झालं की धाप लागू लागली. ती भिंतीला टेकून बसून झोपायची. एके सकाळी तिचे डोळे इतके सुजले की पापण्या उघडेनात, तेव्हा तिला सुखाला लागलीस म्हणणारं कुणी उरलं नाही. दादांनी गाडी जुंपली.

या खेपेला डॉक्टरांनी पट्टा सोडला. मग आवाज चढवून विचारलं की मीठ बंद करायला सांगितलं होतं, त्याचं काय झालं? आईनं शांतपणे सांगितलं की बंदच आहे, तेव्हापासून एक दिवस मोडला नाही. रोज काय खाता, तेही तिनं सांगितलं. शेंदेलोण हा शब्द आला तसा डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. लोणच्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी कपाळ धरलं. भाकरी तरी खाता का, म्हणून विचारलं, तर आई म्हणाली की उपवासाला भाकरी कशी चालंल? आता आमच्याकडं ज्वारीच्या भाकरीत मीठ घालतच नाहीत. अख्ख्या घरात पथ्याचं म्हणावं असं एकच अन्न होतं आणि नेमकं तेवढंच तिनं सोडलं होतं. डॉक्टर संतापून म्हणाले की हे उपवासाचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?

"तुमीच म्हनला की," आई म्हणाली. "तसंच समजा म्हनला."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं, बाहेरची गर्दी बाहेर ठेवली आणि आम्हाला बसवून पहिल्यांदा नीट समजावलं. त्यांचे मी हे उपकार मानते, जरी ते वेळेवर झालेले नव्हते. माणूस आज खारं खातो, उद्या अळणी, आज हंडाभर पाणी पितो, उद्या तांब्याभर. तरी रक्तातलं मीठ-पाणी प्रमाणातच राहतं. कारण कमरेच्या वर, पाठीकडून बसलेली दोन मूत्रपिंडं रात्रंदिवस रक्त गाळत असतात आणि ठरवत असतात की यातलं ठेवायचं किती, सोडायचं किती. म्हणजे आमची आत्याच, फक्त न बोलणारी. मीठ जास्त झालं की ती बाहेर टाकतात. पाणी कमी पडलं की लघवी दाट करून पाणी राखतात. पण गाळणी बिघडली की मीठ मागं राहतं, आणि मीठ एकटं राहत नाही, ते पाण्याला धरून बसतं. ते पाणी पायांत उतरतं, डोळ्यांखाली साचतं, छातीत चढतं आणि धाप लागते. रक्तही तेवढ्याच नळ्यांत जास्तीचं कोंबलं जातं, दाब चढतो. दादांकडं बघून डॉक्टर म्हणाले, विहिरीच्या इंजिनाला दाब वाढला की पाइप कुठं फुटतो? दादा म्हणाले, जोडात. तसे अंगातले बारीक जोड मूत्रपिंडात असतात. दाबानं ती आणखी बिघडतात, आणखी मीठ धरतात, दाब आणखी चढतो. त्यातून बिघडलेल्या मूत्रपिंडाला वाटतं की आपल्यापर्यंत रक्तच पोचत नाही, म्हणून ते अंगभर निरोप धाडतं की नळ्या आवळा, मीठ सोडू नका. घरात गुडघाभर पाणी तुंबलंय आणि हे ओरडतंय, दुष्काळ पडला.

शेवटी ते आईकडं वळून म्हणाले की जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय तेवढं आज मीठ थांबवलं तर टिकेल. नाही थांबवलं तर पुढं यंत्रावर रक्त धुवावं लागतं, त्याला मुंबई गाठावी लागते, आणि तुमच्यानं ते व्हायचं नाही. कोणतंही मीठ, त्यांनी पुन्हा सांगितलं. डोंगरातलं, समुद्रातलं, देवीनं स्वतः हातात दिलेलं.

येताना वाटेत एक ओढा लागतो, तिथं गाडीचं चाक रुतलं. आम्ही दोघी उतरलो आणि बांधावर बसलो. दादा बैलांशी आणि चाकाशी बोलत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मला त्या डॉक्टरचा राग आला होता, आत्याचा होता, पण सगळ्यात जास्त आईचा होता. मी तिला वाट्टेल ते बोलले. खडा जिभेवर ठेवला की खारट लागतो, एवढं तरी तुला कळत नव्हतं का, आंधळ्यासारखी खात बसलीस, असं बरंच. आईनं माझं सगळं संपू दिलं. तिला बोलायला दम पुरत नव्हता, ती थांबत थांबत बोलली.

"कळत न्हाय व्हय? मीठ ते मीठच. म्या रोज कुटत हुते, मला न्हाय कळायचं? म्या इच्चारलं, त्येनी हां म्हनलं, मला तेवढंच पायजे हुतं. सुमे, आजारी बाईसाटी या घरात येगळं भांडं कोन मांडंल? दोन दिस मांडत्याल, तिसऱ्या दिशी म्हंत्याल, हिची लई थेरं. उपासाच्या बाईला कुनी काय म्हनत न्हाय."

तिचं गणित बरोबर होतं. त्या घरात दुखणं घेऊन जेवणारी बाई ऐतखाऊ आणि व्रत घेऊन जेवणारी पुण्यवान, हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. निम्मं औषध का होईना, तिला बिनबोभाट मिळत होतं, आणि तिनं ते घेतलं होतं. त्यापायी मूत्रपिंडं गेली तर गेली. मला तेव्हा जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

त्या संध्याकाळी चुलीपुढं मी बसले. वेगळं भांडं मांडायचंच नाही, असं मी ओढ्यापासून घरापर्यंत ठरवत आले होते. कालवण एकच केलं, सगळ्या घराचं, वांग्याचं, आणि त्यात मीठ घातलं नाही. मीठ ताटात वाढलं, वरच्या बाजूला, जिथं ते आमच्याकडं पहिल्यापासून वाढतात. ज्याला लागेल त्यानं घालून घ्यावं. आत्या म्हणाली, अळणी शिजवायला घरात कुणी मेलंय का? मी म्हटलं, मरायला नको म्हणूनच शिजवलंय. ताटात पहिलं मीठ वाढायचं हा तुमचाच नियम, मी तो मोडलेला नाही. आत्याला नियमात पकडल्यावर ती चिडायची, पण उलटत नसे. ती आत निघून गेली.

खरा प्रश्न दादांचा होता. दादांची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली होती. लग्नकार्यात आचारी त्यांना बोलावून रस्सा चाखवायचे. घरी ते पहिला घास तोंडात टाकून समोरच्या भिंतीकडं बघत, आणि तेवढा वेळ आईचा हात भाकरीवर थांबून राही. मीठ बरोबर असलं तर ते दुसरा घास घेत. कणभर इकडंतिकडं असलं तर ताट पुढं सरकवत आणि उठत. शिवी नाही, मारणं नाही. त्यामुळं गावात ते सज्जन गणले जात. त्या संध्याकाळी त्यांनी एक घास घेतला, ताट सरकवलं आणि सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशीही गेले. पोरांनी मात्र बंड केलं नाही. चिमूटभर घालून, चाखून, पुन्हा घालून, दोघं आपापल्या ताटाचे आचारी झाले आणि त्यात त्यांना मजा वाटू लागली. आईनं भाकरी आणि बिनमिठाचं वांगं खाल्लं. खलबत्ता आत्यानं उचलून माळ्यावर टाकला, कुणाला न सांगता. न्हाणीच्या मागं ताट्या लावून आडोसा मी आणि थोरल्या भावानं केला, आणि गोळी रोजच्या रोज पोटात जाऊ लागली.

आई पुढं पुष्कळ वर्षं जगली, हे इथंच सांगून टाकते. सूज हळूहळू उतरली, दाब खाली आला, मूत्रपिंडं जेवढी उरली होती तेवढी शेवटपर्यंत रेटत राहिली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण. आत्या म्हणाली, एवढे उपवास केले ते का वाया जातील? दादा लोकांना सांगत की वेळेवर गाडी जुंपली म्हणून. आईनं कुणालाच श्रेय दिलं नाही. तिला वेळ नव्हता.

पण त्या आठवड्यात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. दादा वाकले तर ती वाचणार होती, नाही वाकले तर दोन दिवसांत पुन्हा कालवणात मीठ पडणार होतं, कारण आईला नवरा बाहेर जेवतो हे गावात झालेलं सोसणार नव्हतं. तिनं बरणी हातात घेतलेली मी एकदा पाहिली होती. हॉटेलातल्या तेलानं दादांचं पोट बिघडलं आणि ते संध्याकाळी मुकाट पाटावर येऊन बसले. मी ताट वाढलं. त्यांनी घास घेतला, भिंतीकडं बघितलं. आईचा हात थांबला. त्यांनी मिठाच्या ढिगाकडं बघितलं, बोटं तिथपर्यंत नेली आणि तशीच धरून ठेवली. एवढ्या जिभेच्या माणसाला आपल्या एका वाटीला मीठ किती लागतं हे माहीत नव्हतं. जन्मात कधी घातलंच नव्हतं. त्यांनी आईला विचारलं, "किती घालू?"

आई चुलीकडंच बघत होती. तिनं सांगितलं असतं. इतकी वर्षं न चाखता तिनं त्यांच्यासाठी कणाकणानं मोजलं होतं, तिच्या बोटांना ते डोळे झाकून ठाऊक होतं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? जीभ तुमची हाय."

दादांनी चिमूट घातली, कालवलं, चाखलं. अजून थोडं घातलं. मग अजून. मग त्यांच्या तोंडावरून कळलं की फार झालं. त्यांचा हात सवयीनं ताटाच्या काठावर गेला. पण सरकवायचं कुणाच्या नावानं, हे त्यांना सुचेना. मीठ त्यांच्या हातचं होतं. आईनं भाकरी उलटली, शेकली आणि त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी हात मागं घेतला, तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि खाली मान घालून ते खारट कालवण शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.